महिन्याचे सहा दिवस

पहाटे साडेपाच. जिल्ह्याच्या गावातल्या आकाशवाणी केंद्राच्या फाटकाशी एक स्कूटर थांबते. पन्नाशी उलटलेले गृहस्थ उतरतात, पहारेकऱ्याला रामराम घालतात, ड्युटी रूममधल्या रजिस्टरवर सही करतात आणि क्यू शीट उचलतात. त्यावर मोजकेच छापलेले असते: भक्तिसंगीत, इतकी मिनिटे, स्थानिक भजनी मंडळ, इतकी मिनिटे. बाकी सारे त्यांच्या पिशवीतल्या पुठ्ठ्याच्या वहीत. कुठले ध्वनिमुद्रण सुरुवातीला खरखरते म्हणून फेडर सावकाश वर न्यायचा, कुठल्या अभंगाच्या शेवटी टाळकरी एक आवर्तन जास्त घेतात म्हणून बोलायची घाई करायची नाही, पखवाजावर कोण होते आणि ते कुठल्या गावचे. सहाला पाच कमी असताना संकेतधून वाजते, लाल दिवा लागतो आणि ते बोलू लागतात. आवाज फार कमावलेला नाही, शेजारच्या अंगणातून कुणी हाक मारावी तसा आहे. अभंग संपला की ते दोन वाक्ये सांगतात. तिसरे सांगायचा मोह होतो, पण आवरतात. एखाद्या सकाळी पखवाजवाल्याच्या गावाहून फोन येतो: आमच्या आजोबांचे नाव तुम्ही घेतलेत, ते पुन्हा कधी वाजणार?

असे एखादे माणूस राज्यातल्या बहुतेक केंद्रांवर असते, म्हणून या गृहस्थांचे नाव सांगण्याचे कारण नाही. सांगायचे ते वेगळेच आहे. हे गृहस्थ आकाशवाणीचे कर्मचारी नाहीत. कागदोपत्री ते ‘नैमित्तिक उद्घोषक’, बोलीभाषेत कॅज्युअल. महिन्याला त्यांना जास्तीत जास्त सहा ड्युट्या मिळतात. सातवी मिळत नाही, कारण सातवी, दहावी, पंधरावी देत गेले तर उद्या हा माणूस कायम करून मागेल, ही धास्ती. देशभर असे दावे लागले, न्यायाधिकरणांपासून उच्च न्यायालयांपर्यंत गेले, आणि त्यातून प्रशासनाने धडा घेतला तो माणसे नेमण्याचा नव्हे, ड्युट्या मोजण्याचा. वीस-पंचवीस वर्षे माइकसमोर बसलेल्या माणसाला ना भविष्यनिर्वाह निधी, ना रजा, ना निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ. महिन्याचे उरलेले चोवीस दिवस तो शिकवण्या घेतो, विम्याचे हप्ते गोळा करतो, लग्नसमारंभात सूत्रसंचालन करतो. गाण्याचे वेड आहे म्हणून तो सहा दिवस पहाटे उठतो. त्या वेडावर एक सरकारी प्रसारण व्यवस्था उभी आहे, आणि वेड कुणाच्या आस्थापना-तक्त्यात बसत नाही.

सातव्या दिवशी त्या खुर्चीत कोण बसते, हा या लेखाचा विषय आहे. कधी दुसरा कॅज्युअल बसतो, तेही बरेच. पण वाढत्या प्रमाणात कुणीच बसत नाही. संगणकात गाण्यांची यादी भरून ठेवलेली असते, ती आपोआप वाजत राहते. किंवा मुंबईहून, दिल्लीहून सहक्षेपण घेतले जाते आणि केंद्राचे काम तेवढ्या वेळापुरते झडप उघडण्याचे आणि बंद करण्याचे उरते. रत्नागिरीत पावसाने घाट बंद झालेला असतो आणि रेडिओवर भलत्याच शहराची हवा सांगितली जात असते. उद्घोषकांची नियमित भरती कित्येक वर्षे ठप्प आहे. जे कायम नोकरीत होते ते एकेक करून निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागी आली ती फक्त त्यांच्या आठवणींची भाषणे.

यंत्रांवर मात्र पैसा आहे. जानेवारी २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आकाशवाणी आणि दूरदर्शनसाठी २,५३९.६१ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. योजनेच्या नावात पायाभूत सुविधा आहेत, जाळ्याचा विकास आहे, माणूस नाही. एफएमची पोच देशाच्या ५९ टक्के भूभागावरून ६६ टक्क्यांवर आणि ६८ टक्के लोकसंख्येवरून ८० टक्क्यांवर न्यायची, हे तिचे एक उद्दिष्ट. २८ एप्रिल २०२३ रोजी पंतप्रधानांनी एका दिवसात ९१ नवे एफएम ट्रान्समीटर सुरू केले, प्रत्येकी १०० वॅटचे. बातम्यांत ते ‘नवी केंद्रे’ म्हणून गाजले. शंभर वॅटचा ट्रान्समीटर म्हणजे केंद्र नव्हे. तिथे स्टुडिओ नसतो, निवेदक नसतो, दुसरीकडे बोललेले तो आसपासच्या परिसरात पुन्हा ऐकवतो. दुर्गम तालुक्यात तेही नव्हते आणि आता आले, याबद्दल तक्रार करणे करंटेपणाचे होईल. पण गावात नळ आला म्हणून विहिरी बुजवायच्या, असा उद्योग कुणी करीत असेल तर त्याला विचारले पाहिजे की धरण आटले तर पाणी कुठून आणणार?

विहीर म्हणजे काय, ते पुण्याच्या उदाहरणावरून सांगता येते. पुणे केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९५३ रोजी. दीड वर्षाने, १ एप्रिल १९५५ला, शुक्रवारी, रामनवमीच्या दिवशी, त्या केंद्रावरून ‘गीतरामायणा’चे पहिले गीत गेले. पुढे वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत, एकूण छप्पन्न. ग. दि. माडगूळकरांनी लिहायचे, सुधीर फडक्यांनी चाल बांधायची, आणि माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक अशांनी गायचे. हे घडवून आणणाऱ्यांत सीताकांत लाड हे आकाशवाणीचे अधिकारी होते. हल्लीच्या कुठल्याही केंद्रप्रमुखाला ही गोष्ट सांगून पाहा. त्याला सगळ्यात नवल वाटेल ते गदिमांच्या प्रतिभेचे नव्हे. दीड वर्षाच्या एका केंद्राला वर्षभराच्या मालिकेचा निर्णय घेता आला, कलाकारांना बोलावता आले, मानधन देता आले आणि सगळे आपल्या वेळेवर आपल्या माइकवरून सोडता आले, याचे नवल वाटेल. तेव्हाच्या केंद्रांत पु. ल. देशपांडे होते, ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात व्यंकटेश माडगूळकर होते, मुंबईला मंगेश पाडगावकर आणि यशवंत देव होते. ही माणसे मोठी होती म्हणून आकाशवाणी मोठी झाली हे खरेच. पण आकाशवाणीने त्यांना पगारावर ठेवले होते, हेही विसरू नये. त्यांच्यापैकी कुणाला महिन्याला सहा दिवस या, असे सांगितले असते तर?

आता कुणी म्हणेल, ते जुने दिवस, तेव्हा ऐकायला दुसरे होतेच काय. हे खरे नाही. श्रोता तेव्हाही उठून दुसरीकडे जात होता, आणि एकदा तर तो सगळाच्या सगळा गेला होता. ती कथा मराठी माणसाने विशेष लक्षात ठेवावी, कारण तिचा नायक म्हणा, खलनायक म्हणा, मराठीच. १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री होते. संगीताचे खरे प्रेमी. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाला, रेडिओ संगीत संमेलने भरू लागली, अनेक बुजुर्ग गवयांना महिन्याकाठी चार पैसे मिळू लागले. पण चित्रपटगीतांचे त्यांना वावडे होते. गाण्यांचा वेळ कमी झाला आणि निवेदनातून चित्रपटाचे नाव घेणे ही जाहिरात ठरवून तेही बंद झाले. निर्मात्यांनी चिडून आपली गाणी वाजवण्याचे परवाने काढून घेतले. श्रोत्याने काय केले? सुई रेडिओ सिलोनकडे वळवली. तिथे १९५२पासून अमीन सयानी ‘बिनाका गीतमाला’ सादर करीत होते, आणि गंमत अशी की ती ध्वनिमुद्रित होत होती मुंबईत. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ला, सरकारला ‘विविध भारती’ काढावी लागली. (हार्मोनियमवरची बंदी केसकरांच्या माथी मारली जाते, ती त्यांच्या आधीची, १९४०ची. त्यांनी ती चालू ठेवली, आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडले. नाट्यसंगीताच्या मुलखात आकाशवाणीवर पेटी चालत नाही, हे तीस वर्षे आपण निमूट ऐकून घेतले.)

केसकरांची चूक मोठी होती, पण ती प्रेमापोटी झालेली चूक होती. त्यांना लोकांचे कान सुधारायचे होते. आजचा कारभार कुणाचे कान सुधारू इच्छित नाही आणि बिघडवूही इच्छित नाही. त्याला कानांशी देणेघेणे उरलेले नाही. जागा भरली पाहिजे, वेळ भरला पाहिजे, अहवालात तासांची संख्या आली पाहिजे. श्रोता मात्र सत्तर वर्षांपूर्वीसारखाच आहे. त्याला कुणी विचारत नाही असे वाटले की तो सुई फिरवतो. फरक एवढाच की आता सुई फिरवायला सिलोनपर्यंत जावे लागत नाही.

फेब्रुवारी २०२४मध्ये सयानी गेले तेव्हा सगळ्या देशाने हळहळ व्यक्त केली. पंतप्रधानांपासून पानवाल्यापर्यंत सगळ्यांनी त्यांच्या बोलण्याची ढब आठवली. त्या आठवड्यात कुठल्या तरी जिल्हा केंद्रावर कुठल्या तरी कॅज्युअलची सहावी ड्युटी संपली असेल आणि सातव्या दिवशी यादी आपोआप वाजली असेल. मेलेल्या निवेदकावर आपण जीव टाकतो. जिवंत निवेदकाचा महिना आपण सहा दिवसांचा करून ठेवला आहे.

निवेदक नेमके करतो काय, हा प्रश्न तरुण वाचक विचारील, आणि तो रास्त आहे. गाणी तर फोनमध्ये आहेत. हवे ते, हवे तेव्हा, हव्या तितक्या वेळा. तिथे एका गोष्टीची मात्र वानवा आहे. फोनवर गाणे लागते तेव्हा पडद्यावर गायकाचे नाव येते, चित्रपटाचे येते, कंपनीचे तर येतेच येते. गीतकार शोधावा लागतो आणि बहुतेक जण शोधत नाहीत. आकाशवाणीच्या निवेदकाला पहिल्या दिवशी शिकवतात ती शिस्त अशी: गीत कुणाचे, संगीत कुणाचे, गायले कुणी. तिन्ही नावे, न गाळता. या शिस्तीला इतिहास आहे. १९४९च्या ‘महल’मधले लताबाईंचे ते प्रसिद्ध गाणे जेव्हा तबकडीवर आले तेव्हा तबकडीवर गायिकेचे नाव होते ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचे. गाणे रेडिओवर वाजले आणि पत्रांचा पाऊस पडला, ही गाणारी आहे तरी कोण? रेडिओने कंपनीला विचारले आणि नाव सांगितले. आज ती शिस्त पाळणारा कुणी उरला असेल तर तो आपला सहा दिवसांचा माणूस आहे. आणि त्याच्याकडे तीन नावांपलीकडचेही असते. हा भावगीतांच्या चाली बांधणारा आपल्याच तालुक्यातल्या शाळेत संगीतशिक्षक होता, ही गौळण त्या यात्रेत अमुक फडावर गायली जायची, या ओव्या म्हणणाऱ्या बाई निरक्षर होत्या आणि त्यांना दोन दिवस बसवून घेऊन ध्वनिमुद्रण केले होते. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, झाडीबोली या बोलींतले गाणे कुठल्या संगणकाच्या शिफारशीतून वर येईल, अशी आशा करणाऱ्याने ती जरूर करावी. आम्हाला ती नाही.

ही सगळी माणसे काही गुणांचे पुतळे नाहीत, हेही इथेच नोंदवून टाकतो. माइकसमोर बसून स्वतःच्याच आवाजावर भाळलेले निवेदक आपण सर्वांनी सोसले आहेत. प्रत्येक गाण्याआधी चार ओळींची कविता म्हणणारे, पावसाळ्यात पावसाचीच आणि आषाढात विठ्ठलाचीच गाणी लावून मोकळे होणारे, वशिल्याने पॅनेलवर आलेले आणि ‘ळ’चा ‘ल’ करणारे. मधल्या काळात कित्येक केंद्रांनी आळसाची अशी काही साधना केली की श्रोते गेले ते हक्काने गेले. पण वाईट मास्तर आहेत म्हणून कुणी शाळा बंद करीत नाही. मास्तरांना शिकवतात. आकाशवाणीत शिकवण्याचीच सोय आवळली गेली: जानेवारी २०१९मध्ये अहमदाबाद, हैदराबाद, लखनौ, शिलाँग आणि तिरुवनंतपुरम इथल्या पाच प्रादेशिक प्रशिक्षण अकादम्या बंद करण्याचा निर्णय झाला. त्याच वेळी राष्ट्रीय वाहिनीही गेली. १९८८पासून ती रात्रभर नागपूरजवळच्या एक मेगावॉटच्या ट्रान्समीटरवरून देशभर ऐकू जात होती. रात्रपाळीचे पहारेकरी, ट्रकचालक, दवाखान्यात उशाशी बसलेले नातेवाईक हा तिचा श्रोता. कारण सांगितले गेले काटकसरीचे.

आता सगळ्यात निकडीचे. जुन्या केंद्रांच्या ग्रंथालयांत, म्हणजे जिथे तबकड्या आणि टेप ठेवतात त्या खोलीत, कधी गेला आहात? लोखंडी कपाटे, त्यांत उभ्या रचलेल्या चपट्या पेट्या, पेटीवर पेनाने लिहिलेला क्रमांक, आणि आत पाव इंच रुंदीची तपकिरी फीत. वातानुकूलन नीट असेल तर ती टिकते. नसेल तर दमट हवेत तिच्यावर बुरशी चढते, थर सुटतात, एक पदर दुसऱ्याला चिकटतो. कोकणात हे लवकर होते. त्यातही जे राहिले ते दैवाने राहिले, कारण टेप महाग होती तेव्हा जुने पुसून तिच्यावर नवे मुद्रित करण्याची पद्धत होती, आणि काय पुसायचे हे त्या दिवशी ड्युटीवर असेल तो ठरवायचा. मोठ्या गवयांच्या मैफली दिल्लीच्या संग्रहाने वाचवल्या, डिजिटल केल्या, त्यांच्या सीडीही काढल्या. ते उत्तम झाले. प्रश्न आहे तो खालच्या कप्प्यांचा. भजनी मंडळे, जात्यावरच्या ओव्या, तमाशातल्या ढोलकीवाल्यांच्या मुलाखती, आकाशवाणीच्या चाचणीत बी ग्रेड मिळालेल्या आणि पुढे संसारात हरवून गेलेल्या गायिका. पेटीवर नुसता क्रमांक असतो. त्या क्रमांकाची नोंदवही वाळवीने खाल्ली असेल, तर आत काय आहे हे एकाच ठिकाणी लिहिलेले असते: आपल्या गृहस्थांच्या पुठ्ठ्याच्या वहीत. आणि पुष्कळसे तर त्या वहीतही नसते, त्यांच्या डोक्यात असते. ते साठीकडे झुकले आहेत. टेपचे डिजिटलीकरण यंत्र करील. ती कुणाची, कुठली, कधीची हे सांगायला यंत्र असमर्थ आहे. नाव नसलेला आवाज जपून ठेवला काय आणि पुसला काय, फरक फार थोडा.

परदेशात यापेक्षा वाईट चालले आहे, असे सांगून मन रमवणारेही आहेत. चालले आहे खरेच. जुलै २०२५मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक नभोवाणी आणि दूरचित्रवाणीसाठी आधीच मंजूर केलेले दोन वर्षांचे सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले. १९६७च्या कायद्याने जन्मलेल्या ‘कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग’ने १ ऑगस्टला कामकाज गुंडाळत असल्याचे जाहीर केले. मोठ्या शहरांतली केंद्रे देणग्यांवर तगतील. दूरच्या, विरळ वस्तीच्या भागांतली केंद्रे बऱ्याच अंशी त्या पैशावर चालत होती. तिथे रात्री जॅझ किंवा डोंगरी लोकसंगीत लावणारा निवेदक असतो, आणि केंद्रांना संगीत वाजवण्याचे हक्क मिळावेत म्हणून वाटाघाटी करणारी, पैसे भरणारी संस्थाही हीच होती. ब्रिटनमध्ये बीबीसीने स्थानिक नभोवाणीचे दुपारनंतरचे बरेच कार्यक्रम शेजारच्या केंद्रांत वाटून टाकले, तेव्हा २०२३मध्ये तिथले पत्रकार संपावर गेले. या दोन्ही ठिकाणी घाव दिसला, म्हणून आरडाओरडा झाला. आपल्याकडे कुऱ्हाड पडलेली नाही. वाळवी लागली आहे, आणि वाळवीचा आवाज होत नाही.

खासगी एफएम ही पोकळी भरील, असे २००१मध्ये अनेकांना वाटले होते. त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, आणि संगीताच्या बाबतीत त्यांचा हिशेब सरळ आहे: चालते तेच चालवायचे. मराठी शहरांतल्या खासगी वाहिन्यांवर दिवसभरात मराठी गाणी किती लागतात, हे वाचकांनी स्वतः बोटांवर मोजावे; बोटे उरतील. सामुदायिक नभोवाणी हा अधिक आशेचा भाग. साताऱ्यातल्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग’सारखी केंद्रे बायाबापड्यांच्या हाती माइक देऊन चांगले काम करतात. पण त्यांची पोच दहा-पंधरा किलोमीटरची आणि मागे साठ-सत्तर वर्षांचा संग्रह नाही. तो आहे आकाशवाणीकडे. जनतेच्या पैशाने जमवलेला, जनतेचा.

‘श्रोतेच उरले नाहीत’ हा शेवटचा युक्तिवाद. त्याला उत्तर देण्याआधी एक विचारावेसे वाटते: श्रोते उरले नाहीत हे कुणी आणि कसे मोजले? पहाटे गोठ्यात धार काढताना खुंटीवर टांगलेला रेडिओ, कापडाच्या दुकानातला, सलूनमधला, उसाच्या ट्रॅक्टरवरचा रेडिओ कुठल्या पाहणीत येतो? आकाशवाणीच्या अ‍ॅपवर दोनशेच्या वर वाहिन्या ऐकता येतात. नोकरीसाठी बंगळुरूला, दुबईला, न्यू जर्सीला गेलेला सांगलीचा माणूस ते अ‍ॅप उघडतो तेव्हा दिल्ली शोधत नाही, सांगली शोधतो. त्याला गाणे हवे असते, पण त्याहून आपल्याकडच्या हेलात कुणीतरी वेळ सांगितलेली हवी असते. सांगलीच्या नावाखाली त्याला मुंबई ऐकू आली तर तो दुसऱ्या दिवशी उघडणार नाही. आणि मग अहवालात लिहिले जाईल, श्रोते उरले नाहीत.

म्हणून मागण्या साध्या आहेत, आणि २,५३९ कोटींच्या शेजारी ठेवल्या तर खर्च किरकोळ. महिन्याला सहा ड्युट्यांची मर्यादा काढून टाका. दहा वर्षांहून जास्त सेवा झालेल्या नैमित्तिक उद्घोषकांना निदान वार्षिक करार, विमा आणि ठरलेले मानधन द्या. प्रत्येक जिल्हा केंद्राच्या स्वतःच्या प्रसारणाचे किमान तास लेखी ठरवा, आणि सकाळची प्रसारणसभा कुठल्याही परिस्थितीत बाहेरून घेऊ नका. प्रत्येक केंद्रावर एक जागा, फक्त एक, संगीत जाणणाऱ्या पूर्णवेळ निवेदकाची भरा. आणि हे सगळे होईतो एक काम उद्या सकाळी सुरू करा: जुन्या निवेदकांना, निवृत्त झालेल्यांनासुद्धा, मानधन देऊन टेपच्या कपाटांसमोर बसवा, शेजारी एक तरुण आणि एक संगणक द्या, आणि प्रत्येक पेटीवरच्या क्रमांकापुढे नाव लिहून घ्या. या कामाला कुठल्याही मंत्रिमंडळाची मंजुरी लागत नाही. लागते ती केंद्रप्रमुखाची इच्छा आणि मुंबई-दिल्लीची ना हरकत. राज्य सरकारनेही हात झटकू नयेत. आकाशवाणी चालवणारी प्रसार भारती केंद्र सरकारची, हे खरे. पण त्या फितींतली भाषा महाराष्ट्राची आहे, आणि अभिजात भाषेच्या दर्जाचा उत्सव ऑक्टोबर २०२४पासून आपणच साजरा करतो आहोत. त्या उत्सवातला थोडा खर्च या कपाटांकडे वळला तर भाषेला हार घालण्यापेक्षा उपयोगी ठरेल.

राज्यातल्या अठ्ठेचाळीस लोकसभा सदस्यांपैकी किती जणांनी या प्रश्नावर तोंड उघडले आहे, ते प्रत्येकाने आपापल्या खासदाराला विचारून घ्यावे. आवाज उठवला तर काही होते, याचा ताजा पुरावाही आहे. जून २०२३मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला होता. पुणेकरांनी ओरड केली, पुढाऱ्यांना जाग आली आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. पुण्याचा आवाज दिल्लीपर्यंत गेला, परभणीचा, जळगावचा, रत्नागिरीचा का जाऊ नये?

पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळते. आपल्या केंद्रावर सकाळी कोण बोलते, त्याचे नाव माहीत असेल तर ते लिहा. एखादे गाणे मागा, आणि ते लावताना तिन्ही नावे सांगा म्हणावे. पत्ता पाठ करायला नको: केंद्रप्रमुख, आकाशवाणी, आणि पुढे आपल्या गावाचे नाव.